अध्यक्षांनी दिलेली वजनं

भुजंगरावांना कुणी विचारलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं जे रामायण झालं ते न विचारता दिलेल्या शब्दानं झालं. शिलेदार सहकारी बँकेची वार्षिक सभा संपत आली होती. मागच्या दारानं जेवणाचा वास हॉलमध्ये शिरला होता आणि निम्मे सभासद बिसीबेळे भाताच्या दिशेनं मान वळवून बसले होते. अशा वेळी शहाणा अध्यक्ष आभार मानतो आणि खाली बसतो. पण भुजंगराव कसले बसतात! पणजोबा म्हैसूर संस्थानच्या घोडदळात रिसालदार, आजोबाही घोडदळात, वडील फौजेत. यांच्या वाट्याला घोड्याऐवजी खुर्ची आली, पण बसायची ऐट तीच राहिली.

"जिल्ह्यातल्या सगळ्या सहकारी बँकांची मोजणी होणार आहे," त्यांनी माईक तोंडाजवळ ओढला. "युनिव्हर्सिटीचे लोक करणार. कुठली बँक पहिली, कुठली शेवटची, सगळं गणितानं ठरणार. आपली बँक त्यात पहिली आली नाही, तर हा भुजंगराव या खुर्चीवर परत बसणार नाही. हा माझा शब्द!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. उपाध्यक्ष दत्तोजीरावांनी तर उभं राहून टाळ्या वाजवल्या. दसऱ्याला घरातल्या तलवारीची पूजा करणारी ही माणसं. त्यांच्यात भर सभेत दिलेला शब्द मागं घ्यायची सोय नसते. मुलीचं लग्न मोडलेलं चालेल, शब्द मोडलेला चालत नाही.

म्हैसूरजवळच्या हूटगळ्ळीच्या घरी ही बातमी त्यांच्या आधी पोचली होती. वनजाबाईंनी नवऱ्यापुढं कॉफी ठेवली आणि कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"कुणी विचारलं होतं तुम्हाला?"

"विचारायला कशाला पाहिजे? पहिली येणारच की आपली."

"येणारच, तर शब्द कशाला द्यायचा? सुम्ने तोंड उघडायचं!"

सुम्ने म्हणजे उगीच. पण 'उगीच' त्या घरात कधी कुणी म्हणालंच नाही. तीन पिढ्यांचा संसार या एका कानडी सुम्नेवर निभावला होता, आणि त्यातले निम्मे सुम्ने भुजंगरावांच्या वाट्याला आले होते.

खरी मेख पुढंच होती. ती मोजणी करणाऱ्यांत त्यांची स्वतःची मुलगी होती. यशस्विनी कॉलेजात कॉमर्स शिकवायची आणि युनिव्हर्सिटीतल्या सुधींद्र सरांच्या हाताखाली पीएच.डी. करायची. बँकांची कार्यक्षमता कशी मोजायची, हाच तिचा विषय. बँकांच्या महासंघानं सरांकडं काम दिलं, तेव्हा तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "सर, माझे अप्पा एका बँकेचे अध्यक्ष आहेत. मी बाजूला होते." सर म्हणाले होते, "बाजूला कशाला? आकडे दुसरं कुणी तपासेल, बँकांची नावं झाकून ठेवू, आणि कशाला किती महत्त्व द्यायचं ते आपण ठरवायचंच नाही. सगळ्या अध्यक्षांनाच ठरवू दे. मग तक्रार कोण करणार?"

रात्रीच्या जेवणाला भुजंगरावांनी विषय काढलाच. "हे तुमचं गणित म्हणजे नेमकं काय ग यशू?"

"अप्पा, बँक चांगली कशावरून म्हणायची? ठेवी किती आहेत, बुडीत कर्ज किती कमी आहे, खर्च किती होतो, काउंटरवर माणसाचं काम किती वेळात होतं, फोनवरून व्यवहार जमतात का. एक बँक एकात पुढं, तर दुसऱ्यात मागं. मग आधी ठरवायला लागतं, कशाला किती वजन द्यायचं. घराची ही साइट घेतली तेव्हा तुम्ही काय काय बघितलंत?"

"पूर्वेकडं तोंड!" भुजंगराव अभिमानानं म्हणाले. "असली पूर्व अख्ख्या लेआउटमध्ये नाही."

"आणि पाणी?" स्वयंपाकघरातून आवाज आला. "सगळं वजन पूर्वेला टाकलं आणि नळाला शून्य! टँकरच्या मागं पळून पळून माझे गुडघे गेले."

"अम्मा, अगदी बरोबर! मी वर्गात हेच शिकवते," यशू हसली. "वजनं चुकली की घर चुकलं. वजनं ठरली की मग मनात एक बँक उभी करायची, सगळ्यात सगळं चांगलं असलेली. आणि दुसरी, सगळ्यात सगळं वाईट असलेली. जी खरी बँक पहिलीच्या जवळ आणि दुसरीपासून लांब, तिचा नंबर वर."

"पहिलीच्या जवळ कशाला? ती मनातली पहिली म्हणजे आमचीच समज," असं म्हणून भुजंगरावांनी ताकाची वाटी एका घोटात रिकामी केली.

पुढच्या आठवड्यात फॉर्म आला. सगळ्या अध्यक्षांना एकच फॉर्म, नाव न लिहिता भरायचा. दोन दोन गोष्टी समोरासमोर ठेवल्या होत्या. ठेवी महत्त्वाच्या की कर्जवसुली? वसुली महत्त्वाची की काउंटरची सेवा? आणि जी महत्त्वाची ती किती पटीनं? भुजंगरावांनी दार लावून घेतलं, चष्मा पुसला आणि खिशातलं हिरव्या शाईचं पेन काढलं. सरकारी बँकेत मॅनेजर असल्यापासून ते हिरव्या शाईनंच लिहीत आले होते.

आता, शिलेदार बँकेचं बळ कशात होतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. ठेवींत! सगळ्या मराठा घरांनी पिढ्यानपिढ्या पैसा तिथंच ठेवला होता. तेव्हा ठेवी वसुलीपेक्षा फार मोठ्या, असं त्यांनी ठोकून दिलं. वसुलीही बरी होती, म्हणून वसुली काउंटरच्या सेवेपेक्षा मोठी. वा! पण बऱ्याच जोड्यांनंतर प्रश्न आला, ठेवी की काउंटरची सेवा? आणि तिथं त्यांचा हात आपोआप सेवेकडं गेला. जन्मभर बँकेत काढलेला माणूस! लबाडीलासुद्धा सवय लागते, ती नव्हती.

तीन दिवसांनी यशू कॉलेजातून आली ती तोंड पाडून. तिनं बॅगेतून काही फॉर्म काढले.

"सरांनी परत पाठवलेत. हे बसत नाहीत. नावं नाहीत, नंबर आहेत फक्त, ज्याचे त्याला महासंघाकडून जातील. पण अप्पा, हिरव्या शाईनं फॉर्म भरणारा अख्ख्या म्हैसुरात एकच माणूस आहे."

"बसत नाहीत म्हणजे?"

"म्हणजे फेल."

"कोण फेल?" भुजंगराव खुर्चीतून उठलेच. "मी? रिसालदाराचा पणतू? अग, तुझा सर पाळण्यात होता तेव्हा मी ब्रँच चालवत होतो! बोलाव त्याला!"

"अप्पा, बसा. दादा काकांपेक्षा उंच, काका मामांपेक्षा उंच, आणि मामा दादापेक्षा उंच. असं घर बघितलंय कुठं? तुमच्या फॉर्ममध्ये तसं झालंय. ठेवी वसुलीपेक्षा मोठ्या, वसुली सेवेपेक्षा मोठी, आणि सेवा ठेवींपेक्षा मोठी. थोडं इकडंतिकडं झालं तर आम्ही चालवून घेतो, माणूस आहे. पण एवढं झालं की समजायचं, मनातलं एक आणि लिहिलंय दुसरं."

वनजाबाई पदरात तोंड लपवून हसत होत्या. भुजंगरावांचे कान तांबडे झाले. मुलीनं लबाड म्हटलं नव्हतं, पण म्हणायचं काही बाकीही ठेवलं नव्हतं.

"बरं, साकु, पुरे!" ते म्हणाले. "परत भरतो. पण नेमका कसा भरू ते तू सांग. कशाला किती घालू?"

यशूचा चेहरा बदलला. ती हळू बोलली, पण एकेक शब्द वेगळा ऐकू येत होता. "अप्पा, ते मी सांगणार नाही. परत विचारलंत तर सरांना सांगून मी या कामातून बाहेर पडेन. माझी सगळी मेहनत जाईल, तरी पडेन."

"अग, माझी खुर्ची जाईल!"

"ठाऊक आहे मला. झोप लागत नाही त्यानं. तरी सांगणार नाही."

असं म्हणून ती आत गेली. भुजंगराव व्हरांड्यात येऊन बसले. राग तर आलाच होता, पण रागाच्या पोटात आणखी काहीतरी होतं, आणि ते रागासारखं अजिबात वाटत नव्हतं. कुणावर गेली ही पोरगी, असं त्यांनी स्वतःला विचारलं. उत्तर ठाऊक होतं, तरी दोनतीनदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी दत्तोजीराव आले. त्यांना वास लागला होताच.

"अध्यक्षरे, फॉर्म परत आले म्हणे बऱ्याच जणांचे. आपली पोरगीच तिथं आहे की. वजनं जरा ठेवींकडं झुकवा, असं घरातल्या घरात सांगायचं. तुमचा शब्द राहील, बँकेचं नाव राहील. कोण बघतंय?"

काल स्वतः हेच विचारलेल्या माणसानं आज काय करावं? भुजंगराव ताडकन उठले. "दत्तोजीराव, कॉफी घ्या आणि निघा. माझ्या मुलीला असलं काही विचारायचं नाही. कुणीच नाही!" हे 'कुणीच' त्यांनी जरा जास्त मोठ्यानं म्हटलं.

संध्याकाळी त्यांनी महासंघाकडून परत आलेला फॉर्म पुढ्यात घेतला. या खेपेला दार उघडं होतं. पहिल्या जोडीवरच ते थांबले. आपण बँकेत का शिरलो होतो? पगारासाठी, हे खरंच. पण त्याआधी एक दिवस होता. वडील गेल्यावर आई त्यांची फौजेची पेन्शन आणायला बँकेत गेली होती आणि शाळकरी भुजंगला बरोबर घेतलं होतं. आतला कारकून शेजाऱ्याशी क्रिकेटवर बोलत होता. आई उभी होती. पाय बदलत, पण तोंडातून अवाक्षर न काढता उभी होती. त्या दिवशी त्यांना त्या काचेच्या पलीकडं जाऊन बसावंसं वाटलं होतं, आईचं काम पटकन करून देण्यासाठी. पुढं पलीकडं गेले, केबिनमध्ये गेले, अध्यक्ष झाले, आणि काच दिसायची बंद झाली.

त्यांनी फॉर्म भरला. काउंटरची सेवा सगळ्यांत वर. मग वसुली, कारण लोकांचा पैसा बुडवून गोड बोलण्यात काय अर्थ? मग खर्च. ठेवी खाली. या वेळी अडायला झालंच नाही. प्रत्येक जोडीचं उत्तर आधीच्या उत्तरातून आपसूक निघत गेलं. सही करायची नव्हती, तरी हात सवयीनं खाली गेला आणि त्यांनी तो आवरला.

फॉर्म पास झाला. यशूनं तेवढंच सांगितलं, त्यांनीही पुढं विचारलं नाही. बापलेकीत त्या दिवसापासून बँक हा शब्द बंद झाला. वनजाबाई म्हणाल्या, "किती शांत वाटतंय घर! हे आधीच करायला पाहिजे होतं."

निकालाच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. सगळ्या बँकांचे अध्यक्ष पुढच्या रांगेत, इस्त्रीचे कडक कपडे घालून, वरून हसत आणि आतून घामाघूम. भुजंगरावांनी म्हैसुरी पेटा बांधला होता. यशू स्टेजवर सरांच्या शेजारी निळी साडी नेसून उभी होती, आणि भुजंगरावांना पहिल्यांदाच जाणवलं की ती उभी राहते तेव्हा पाठ ताठ असते.

सुधींद्र सरांनी थोडक्यात पद्धत सांगितली. अध्यक्षांनी दिलेली वजनं एकत्र केली, काही फॉर्म दोनदा देऊनही जुळले नाहीत म्हणून सोडून दिले. पुढच्या रांगेत बऱ्याच जणांना एकदम खोकला आला. मग यशूनं नंबर वाचायला घेतले.

पहिली आली हुणसूरची एक छोटी बँक. तंबाखूच्या बाजारामागची, एका मजल्याची, जिचं नाव घेताना म्हैसूरवाले हसायचे. तिथला माणूस आत शिरला की बसची पुढची फेरी चुकायच्या आत काम करून बाहेर पडायचा. यशूच्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक बँकेत टोकन घेऊन, बसून, मोजून आणलं होतं. दुसरी, तिसरी, चौथी झाली. पाचवी झाली. भुजंगरावांनी पेट्याची गाठ चाचपली.

"सहावी," यशू म्हणाली. तिनं कागद सरळ धरला. "शिलेदार सहकारी बँक."

हॉलमध्ये कुजबुज उठली. सभेतला तो शब्द कुणाला ठाऊक नव्हता? दत्तोजीराव उभे राहिले. "मॅडम, एक शंका. वजनं वेगळी असती तर?"

हा प्रश्न येणार हे यशूला ठाऊक असावं. खरं तर ती गोलमाल बोलू शकली असती. तसं ती बोलली नाही. "आम्ही तेही तपासलंय. ठेवींना सगळ्यात जास्त वजन दिलं, तर शिलेदार बँक पहिली येते."

"ऐकलं?" दत्तोजीराव वळले. "अध्यक्षरे, उठा! हरकत घ्या! वजनं चुकलीत म्हणा. आम्ही सगळे तुमच्या मागं आहोत."

शिलेदार बँकेचे सभासद टेबलं बडवायला लागले. वाट मोकळी होती. एक वाक्य बोलायचं होतं, वजनं मला मान्य नाहीत. खुर्ची राहिली असती, शब्दही राहिला असता. फक्त स्टेजवरच्या पोरीचं काम सगळ्यांसमोर खोटं पडलं असतं. यशू बापाकडं बघत होती. विनवत नव्हती, घाबरलीही नव्हती, नुसती बघत होती.

भुजंगराव उठले. माईक त्यांच्या हातात आला, आणि माईक हातात आला की त्यांचं काय होतं ते मागं सांगितलंच आहे.

"वजनं बरोबर आहेत," ते म्हणाले. "कारण मी पण तीच दिलीत."

बडवणं थांबलं.

"पहिल्यांदा खोटी दिली होती, आपल्या बँकेकडं बघून. फेल झालो. दुसऱ्यांदा खरी दिली, आणि माझ्या खऱ्या वजनांनी माझीच बँक सहावी आली. मग चूक कुणाची? गणिताची? मी सभेत शब्द दिला होता. त्या शब्दाप्रमाणं मी आत्ता, इथं, अध्यक्षपद सोडलं. दत्तोजीराव, आता खुर्ची तुम्ही सांभाळा."

ते खाली बसणार होते. वनजाबाई मागच्या रांगेतून हातानं 'बसा, बसा' करतही होत्या. पण भुजंगराव बसले नाहीत.

"आणि आणखी एक. मी माझ्या मुलीला विचारलं होतं, फॉर्म कसा भरू? तिनं सांगितलं नाही. बापाची खुर्ची जाताना बघत होती, तरी सांगितलं नाही. आमच्या घराण्यात रिसालदार झाले, जमादार झाले, पदकं मिळाली, मी सगळ्यांना सांगत फिरतो. आजपासून आधी हिचं सांगणार. ही यशस्विनी. ही माझी मुलगी आहे!"

सरांनी पहिली टाळी वाजवली. हुणसूरचे म्हातारे अध्यक्ष काठी टेकत उठले आणि त्यांनी भुजंगरावांचा हात दोन्ही हातांत धरला. यशू स्टेजवर रडत होती आणि पाठ अजून ताठच होती.

घरी जाताना रिक्षात वनजाबाई पदर सावरून बसल्या. मग म्हणाल्या, "आज सुम्ने बोलला नाहीत." एवढ्या वर्षांच्या संसारात भुजंगरावांना मिळालेलं हे सगळ्यात मोठं पदक होतं.

महिनाभरानं भुजंगराव शिलेदार बँकेत गेले, एक ठेव नव्यानं ठेवायला. इतकी वर्षं ते मागच्या दारानं केबिनमध्ये जायचे. कागद तिथं यायचे, मागोमाग कॉफी यायची. या वेळी पुढच्या दारानं गेले आणि टोकन घेतलं. शिपाई धावत आला, "सर, आत या ना, आत या!" त्यांनी मान हलवली आणि बाकावर जाऊन बसले.

बसले ते बसलेच. एक खिडकी बंद, दुसरीतली मुलगी कागद घेऊन साहेबांची सही आणायला गेलेली. ती आली तर मशीन अडलं. भुजंगरावांनी घड्याळ बघितलं, मग परत बघितलं, आणि त्यांच्या मिशा हळूहळू पसरायला लागल्या. अरे वा! अगदी तस्सं! पोरांनी मोजून आणलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं. जितका उशीर होत होता, तितकी त्यांची छाती रुंदावत होती.

शेजारी बसलेल्या बाई कातावल्या. "एष्टु होत्तु रीऽ! किती वेळ बसायचं माणसानं?"

"बसायला लागणार, अम्मा," भुजंगराव खुशीत म्हणाले. "या बँकेचा नंबर सहावा आहे. मला विचाराल तर सहावासुद्धा जरा उदारपणे दिलाय."

"कुणी सांगितलं?"

"नन्न मगळु!" भुजंगराव उभे राहिले, आणि त्यांचा तो सभेतला आवाज काउंटरपासून केबिनपर्यंत घुमला. "माझी मुलगी! तिनं मोजलंय!"

सगळी बँक माना वर करून बघायला लागली. केबिनचं दार उघडून दत्तोजीराव बाहेर डोकावले. बंद खिडकीच्या मागं कुणीतरी घाईघाईनं येऊन बसलं आणि पुढचं टोकन पुकारलं.